जत्रेत पाल ठोका, घर बांधू नका



परवा बॅच संपल्यावर मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान असलेला एक मुलगा थांबला. म्हणाला, "सर, फेसबुक म्हाताऱ्यांचं झालं म्हणतात. मग आता इन्स्टावर जोर लावू की यूट्यूबवर? पुढे कोण जिंकणार तेवढं सांगा, मी तिथेच दुकान लावतो."

प्रश्न प्रामाणिक होता. पण माझं मत असं की प्रश्नच चुकलाय. या साइट्सच्या शर्यतीत कोण जिंकणार हे ओळखणं आपलं काम नाही. ते मोठ्या मोठ्या कंपन्यांनाही जमलेलं नाही. आपलं काम वेगळं आहे, आणि ते बहुतेक दुकानदार करत नाहीत. आज त्यावरच बोलू.

आधी थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

मी बीबीए करत होतो तेव्हा आमच्या कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत प्रत्येक कॉम्प्युटरवर ऑर्कुट उघडलेलं असायचं. गूगलची साइट, 2004 साली सुरू झालेली. भारत आणि ब्राझील हे तिचे दोन गड. एकमेकांच्या स्क्रॅपबुकात लिहायचं, टेस्टिमोनियल मागायची, याच्यात तास-तास जायचा. हे कधी बंद पडेल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट कायमचं बंद झालं.

अमेरिकेत हेच मायस्पेसचं झालं. 2005 मध्ये रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पने ती कंपनी साधारण 58 कोटी डॉलरला घेतली. सहा वर्षांनी, 2011 मध्ये, ती साधारण साडेतीन कोटी डॉलरला विकली. आता विचार करा, ज्यांच्या पदरी एवढे हुशार लोक, त्यांनाही पुढचा विजेता ओळखता आला नाही.

त्याच 2011 मध्ये गूगलने गूगल प्लस काढलं. पैसा होता, इंजिनिअर होते, जगभरात नाव होतं. तरी लोक तिथे रमले नाहीत आणि एप्रिल 2019 मध्ये ते सामान्य लोकांसाठी बंद झालं. ट्विटरने 2013 मध्ये वाइन नावाचं सहा सेकंदांच्या व्हिडिओचं अ‍ॅप आणलं, पोरांना वेड लावलं, आणि 2016 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडचं कू अ‍ॅप 2020 मध्ये आलं, 2024 मध्ये गेलं.

असं का होतं?

बीबीएला आम्हाला नेटवर्क इफेक्ट शिकवला होता. सोपं आहे. अख्ख्या गावात एकाच घरी फोन असेल तर त्याचा उपयोग शून्य. शंभर घरी असेल तर प्रत्येकाच्या फोनची किंमत वाढते. सोशल साइटचंही तसंच. लोक तिथे जातात कारण त्यांची माणसं तिथे आहेत. म्हणून एखादी साइट वाढायला लागली की भराभर वाढते.

पण सर तेव्हा एक गोष्ट सांगायचे, ती आता पटते. जो नियम वर चढवतो तोच खालीही आणतो. माणसं निघायला लागली की राहिलेल्यांचाही जीव रमत नाही. ऑर्कुटवर मित्राचं काय चाललंय ते बघायला त्याच्या प्रोफाइलवर जावं लागायचं. फेसबुकने 2006 पासून सगळ्यांच्या बातम्या एकाच ठिकाणी, आपल्या समोर आणून दिल्या. सोय वाढली, चार मित्र गेले, मग चाळीस गेले, मग आपणही गेलो. ऑर्कुटला टाटा करायलाही कुणी थांबलं नाही.

फेसबुकला हे नीट कळलं होतं. म्हणून पुढचा स्पर्धक मोठा व्हायच्या आत विकत घ्यायचा किंवा त्याची नक्कल करायची, असं धोरण त्यांनी ठेवलं. 2012 मध्ये इन्स्टाग्राम 100 कोटी डॉलरला घ्यायचं ठरलं, तेव्हा तिथे जेमतेम तेरा माणसं कामाला होती. 2014 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा सौदा 1900 कोटी डॉलरचा झाला. स्नॅपचॅटच्या स्टोरीज 2016 मध्ये इन्स्टाग्रामवर दिसायला लागल्या.

म्हणजे तुम्ही म्हणता ना, "मी तीन ठिकाणी आहे, फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅप", तर तसं नाही. तुम्ही एकाच मालकाच्या तीन गाळ्यांत आहात. 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र आठवा. आपल्याकडे नऊच्या सुमारास तिन्ही एकदम बंद पडले आणि साधारण सहा तास बंदच राहिले.

29 जून 2020

आमच्या बॅचला एक ताई यायच्या. पापड, सांडगे, चटण्या असा त्यांचा घरगुती माल. टिकटॉकवर त्या पापड लाटतानाचे व्हिडिओ टाकायच्या, बोलायच्या अगदी आपल्या गावरान भाषेत. ऐंशी हजार फॉलोअर झाले होते. ऑर्डर यायच्या त्या तिथल्या मेसेजवरच. 29 जून 2020 ला सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. एक-दोन दिवसांत ऐंशी हजार माणसं गायब. बंदी योग्य की अयोग्य तो विषय वेगळा, त्यात मी जात नाही. ताईंनी मला फोनवर विचारलं ते एवढंच, "सर, पुण्याच्या त्या बाई दर महिन्याला पाच किलो पापड घ्यायच्या. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही. आता कुठे शोधू?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गंमत बघा, जागा रिकामी झाल्यावर मोठे किती वेगात धावले. जुलै 2020 मध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात आधी भारतातच केली. शेअरचॅटने मोज आणलं. त्या काळात ज्यांनी व्हिडिओ टाकले त्यांना भरपूर लोकांनी बघितलं, कारण तेव्हा या कंपन्यांना तुमची गरज होती. नव्या बाजारात माल लावणारे हवे असतात, म्हणून सुरुवातीला जागा फुकट मिळते. बाजार भरला की पावती फाडायला सुरुवात होते. फेसबुकने जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं की यापुढे फीडमध्ये घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य, धंद्याच्या पेजेसना कमी. मग दिसायचं असेल तर जाहिरात द्या. यात मला राग येत नाही. त्यांचं उत्पन्न जवळपास सगळं जाहिरातीचंच आहे. तो त्यांचा गल्ला आहे, ते सांभाळणारच. आपण आपला सांभाळतो का, हा प्रश्न आहे.

माझी स्वतःची चूक

आता माझं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर नुसतं दुसऱ्यांचं सांगतात. आमचं लहान मुलांच्या रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. काही वर्षांपूर्वी दिवाळीआधी मी एका घेरदार फ्रॉकचा फोटो टाकला. तीन दिवसांत चार हजार लाइक. मी हवेत. वडिलांना न विचारता 1 लाख 40 हजारांचा तोच माल भरला. दिवाळी झाली तेव्हा निम्म्याहून जास्त फ्रॉक रॅकवरच.

नंतर शांतपणे बसून बघितलं. लाइक करणारे कोण? कुणी नागपूरचं, कुणी सुरतचं, कुणी दुबईचं. आमच्या तालुक्यातले मोजून साठ-सत्तर. चूक साइटची नव्हती, माझी होती. मी लाइकला मागणी समजलो.

वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गर्दी बघून माल भरू नये, गल्ला बघून भरावा." आणि गल्ल्याखालून त्यांची जुनी वही काढली. त्यात सहाशेच्या वर गिऱ्हाइकं. नाव, गाव, फोन, मुलं किती, कोणती मुलगी केवढी. आम्ही दोघांनी आठ दिवस फोन केले. "वहिनी, तुमच्या धाकटीच्या मापाचा फ्रॉक बाजूला काढून ठेवलाय." संक्रांतीपर्यंत बहुतेक माल निघाला. नफा नाही झाला, पण पैसे सुटले.

त्या वहीला कुठलंही अल्गोरिदम लागत नाही. तिचा मालक आम्ही.

मग सोशल मीडिया सोडायचं का?

अजिबात नाही. असं मी म्हटलं तर खोटं होईल, कारण हा लेखही तुम्ही माझ्या व्हिडिओमुळेच वाचताय. नवीन माणूस आपल्यापर्यंत यायला आज यापेक्षा स्वस्त रस्ता नाही. पण तो रस्ता आहे, मुक्काम नाही.

आपल्याकडे जत्रा भरते तेव्हा खेळणीवाला काय करतो? पाल ठोकतो, चार दिवस दणकून धंदा करतो, जत्रा उठली की पुढच्या गावी जातो. देवळासमोर गर्दी आहे म्हणून तिथे घर बांधत नाही. साइट्सच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. जत्रेत घर बांधतो आणि जत्रा उठली की रडत बसतो.

म्हणून त्या मुलाला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

एक, जिथे स्पर्धा पेटलीय तिथे आधी जा. दोन कंपन्या भांडतात तेव्हा आपल्याला जागा स्वस्त मिळते. नवीन सोय आली की पहिल्या महिन्यात करून बघा, वर्षभर थांबू नका.

दोन, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि काय घेतलं ते तुमच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. विचारून उतरवा. "नवीन माल आला की कळवू का?" एवढं विचारलं की लोक आनंदाने नंबर देतात. न विचारता मेसेज टाकाल तर ब्लॉक व्हाल.

तीन, व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे वही नव्हे. तीही भाड्याचीच जागा. नंबर बंद झाला तर लिस्ट गेली. मूळ यादी तुमच्या हातात हवी, आणि तिची एक प्रत घरी.

चार, महिन्याच्या शेवटी फॉलोअर मोजू नका. या महिन्यात वहीत नवीन नावं किती आली आणि जुनी किती परत आली, हे दोन आकडे मोजा. धंदा वाढतोय की नुसती गर्दी, ते लगेच कळतं.

पापडवाल्या ताई आता यूट्यूबवर आहेत. फॉलोअर पूर्वीच्या निम्मेही नाहीत. पण त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही आहे आणि त्यात साडेतीनशे नावं आहेत. पुण्याच्या त्या बाई मात्र अजून सापडलेल्या नाहीत.

आज दुकान बंद करताना एवढं करा. जत्रा उद्या उठली तर फोन करता येईल अशी वीस नावं कागदावर लिहून बघा. वीस झाली तर छान. आठ-दहावरच पेन थांबलं, तर उद्या सकाळी रील नंतर बनवा, आधी एक वही विकत घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत.