गाळा घेताना दलाल कोणाचा?

आमच्या कापडबाजारात दलालाशिवाय पान हलत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे ग्रे कापड मुंबईच्या पेढीवर पोचते ते बहुधा दलालाच्या जबानीवरच. पण या व्यवहाराला शिस्त आहे. दलाली कोण देणार, किती देणार हे दोन्ही पेढ्यांना ठाऊक असते, आणि पैसे अडकले तर तगादा लावायला तोच दलाल जातो. हेच व्यापारी बांधव गाळा, दुकान किंवा गोदाम घ्यायला निघाले की ही शिस्त विसरतात. पन्हा मोजल्याशिवाय तागा न उचलणारा माणूस ४० लाखांचा गाळा दलालाच्या शब्दावर घेतो, याचे आम्हांला नवल वाटते.

दलाल नकोच, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कोणता गाळा निघाला आहे, मालकाला पैशाची घाई किती, शेजारचा सौदा काय भावाने झाला, ही खबर त्याच्यापाशी असते. माग बंद ठेवून महिनाभर जागा शोधत फिरणे कारागिराला परवडत नाही. ४० लाखांवर एक टक्का म्हणजे ४० हजार रुपये. दलालाने भाव दोन लाखांनी उतरवला तर त्याचा मेहनताना वसूल झाला.

मात्र जागेचा दलाल पुष्कळदा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. शिवाय टक्केवारी किमतीवर असल्याने भाव चढला की दलालीही चढते. त्याची नियत वाईट असते असे नव्हे. पण सौदा फिसकटला तर त्याच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारावे की, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात? विकणाऱ्याकडून काय घेणार? दलाली शक्यतो ठोक ठरवावी, दस्त नोंदवल्यावर द्यावी आणि हे सारे कागदावर घ्यावे. दलाल आपल्या बिरादरीचा आहे, मग लिखापढी कशाला, असा संकोच आपल्यात फार. खरे तर लिखापढीनेच नाते टिकते.

कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात ‘अपार्टमेंट’ या शब्दात दुकान, कार्यालय आणि गोदामही येते. नोंदणीकृत प्रकल्पातील गाळा विकणाऱ्या दलालाने महारेराकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. २०२३ मध्ये महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. तेव्हा नोंदणी क्रमांक मागावा व महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असावे. पण आपल्यातले बहुतेक लोक जुना गाळा किंवा जुने दुकान घेतात, आणि तेथे रेराचे हे संरक्षण सहसा मिळत नाही.

तेथे आपली खबरदारी हाच आधार. गाळा दाखवणे, भाव जमवणे हे दलालाचे काम. कागद तपासणे वकिलाचे, आणि तो वकील दलालाने सुचवलेला नसावा. मागील ३० वर्षांचा सर्च, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला एवढे पाहिलेच पाहिजे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर सरकारी परवानगीशिवाय सौदा अडकतो. वक्फची जमीन तर विकताच येत नाही. पागडीचे दुकान मालकीचे होत नाही. मिळते ती भाडेकरूची वहिवाट, तीही घरमालकाच्या संमतीने. माग चालवायचे असतील तर मंजूर वीजभार किती आणि मागील बिल थकले आहे काय, हे वीज कंपनीत जाऊन विचारावे. दलालाला हे ठाऊक असेलच असे नाही.

‘थोडे रोख द्या, दस्त कमी रकमेचा करू’ असा सल्ला मिळाला तर तेथूनच उठावे. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई २०१५ पासून आहे. घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याचे नुकसान निराळे. दस्तात नसलेली रक्कम उद्या वाद झाल्यास सिद्ध करता येत नाही, आणि बँकेचे कर्जही दस्ताच्या रकमेवरच बसते.

गाळ्यात जाणारा पैसा बहुधा वीस-पंचवीस वर्षांच्या मेहनतीचा असतो. त्यात घरच्या बायकांचे दागिनेही गेलेले असतात. सौदा बिघडला तर दलाल दुसऱ्या सौद्याला लागतो आणि आपले माग बंद पडतात. म्हणून दलालाला त्याचा हक्क राजीखुशीने द्यावा. बयाण्याचा धनादेश मात्र वकिलाने कागद पाहिल्यावरच फाडावा.