जुना तंबोरा आणि हजचे पैसे

अक्कलकुव्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहर शिक्षक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. फंडाच्या रकमेतून दोघांच्या हजसाठी पैसे वेगळे काढून ठेवले आहेत. आता सुरतेकडच्या एका ओळखीच्या दलालाने त्यांना तंबोरा दाखवला आहे. मिरजेचा, सव्वाशे वर्षांचा, दांडीवर हस्तिदंताची नक्षी. किंमत अडीच लाख. पाच वर्षांत परदेशातला कुणी शौकीन दहा लाखांना उचलेल, मग हजही होईल आणि घराचा वरचा मजलाही, असे तो सांगतो. शौहर जवळजवळ राजी आहेत. भगिनी विचारतात, हे घ्यावे की सोने?

भगिनी, तंबोरा घेऊ नका. कारण दलालाच्याच बोलण्यात आहे.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ सालचा. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू या कायद्यात पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मग परदेशी शौकीन ती नेणार कशी? तंबोरा खरोखर सव्वाशे वर्षांचा असेल तर परदेशचा रस्ता बंद. आणि तो रस्ता खुला असेल तर तंबोरा सव्वाशे वर्षांचा नाही, म्हणजे किंमतच खोटी.

नक्षीचे तर त्याहून वाईट. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, जुना असला तरी. जुन्या वाद्यांची घोडी कधीकधी सांबरशिंगाची असे, तिलाही हाच कायदा आड येतो. नक्षी उंटाच्या हाडाची निघाली तर कायद्याची अडचण नाही, पण मग दलालाने हाड हस्तिदंत म्हणून विकले. ज्या गोष्टीमुळे भाव चढवला, तिच्यापायीच एक तर पोलीस दारात येतील, नाही तर फसवणूक पदरात पडेल.

मिरजेचे नाव मात्र खोटे मोठे नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या आपल्याच मुसलमान कारागिरांनी, हा हुन्नर हाती घेतला. फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात दफन झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण हा मान हुन्नराचा आहे. तुमच्या दलालाच्या हातातली वस्तू मिरजेची आहे की नाही, ते त्या मानांकनावरून कळत नाही.

आणि तंबोरा म्हणजे काय? पंढरपूरकडचा भोपळा, लाकडी दांडी, तबली, घोडी, खुंट्या, तारा. तारा बदलतात. घोडी तारांनी झिजते, मग कारागीर ती घासून पुन्हा जवारी लावतो, आणि घासून घासून संपली की नवी बसवतो. खुंट्या सैल होतात. भोपळ्याला कीड लागते, तडा जातो, आतून कापड-सरस लावून तो सांधतात आणि वरून लाखेचा हात फिरवला की सांधा दिसत नाही. शंभर वर्षे वाजलेल्या तंबोऱ्यात जुने किती उरले, हे सांगायला मुरलेला कारागीरच लागतो. न वाजता पडून राहिलेला असेल तर कीड जास्त.

दलाल बहुधा व्हायोलिनचे उदाहरण देईल. इटलीच्या स्त्रादिवारीने १७२१ मध्ये बनवलेले ‘लेडी ब्लंट’ २०११ मध्ये सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरना विकले गेले, ही गोष्ट खरी आहे. ती रक्कम जपानच्या भूकंपग्रस्तांना गेली. पण त्या व्हायोलिनच्या मालकांची साखळी कागदावर आहे, लाकडाच्या वलयांवरून त्याचे वय तपासता येते, विकायला खास लिलावगृहे आहेत. आपल्या तंबोऱ्याला यातले काय आहे? अक्कलकुव्यात तो विकायला काढलात तर गिऱ्हाईक कोण? तुमच्याच तालुक्यात काठीच्या होळीला मोठमोठे ढोल वाजतात. कातडे फाटले की नवे चढवतात, ढोल किती वर्षांचा हे कुणी विचारत नाही आणि त्यावर कुणी पैसेही लावत नाही.

हुजूर (स.) बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते, ही हदीस आपल्या घरातल्या मुलांनाही पाठ असते. वरचे धान्य कोरडे होते. भोपळ्याच्या आत हात घालून पाहायचे म्हटले तर दलाल घालू देईल का, ते विचारा.

वाद्यांचा व्यापार जायज आहे का, हा वेगळाच सवाल आहे. बहुतेक फुकहा तो नाजायज मानतात, काही आलिमांचे मत निराळे आहे. फतवा देणे आमचे काम नाही. तुमच्या गावात तर जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमसारखी मोठी संस्था आहे. हजच्या पैशाचा मामला आहे तर तिथल्या उलेमांना आधी विचारायला हवे होते. विकण्याच्या नियतीने घेतलेला माल म्हटला की दरवर्षी बाजारभावावर अडीच टक्के जकातही आली. ज्याचा भावच कुणी सांगू शकत नाही, त्याची जकात कशी काढणार?

सोन्याचे दोन शब्दांत. नंदुरबारच्या पेढीवर ते त्याच दिवशी विकता येते, भाव वर्तमानपत्रात असतो. पण भाव उतरतोही, आणि दागिना केला तर मजुरी गेली. एक-दोन वर्षांत हजचा फॉर्म भरायचा असेल तर या पैशाची ना वस्तू करा, ना दागिना.

बयाणा दिला नसेल तर देऊ नका. शौहरना नुसते नको म्हटलेले पटणार नसेल, तर दलालाकडे एकच मागणी करू द्या: तंबोरा शंभर वर्षांहून जुना आहे आणि नक्षी हस्तिदंताची आहे, असे कागदावर लिहून, खाली सही करून द्या.