साहेबाची शिकार शौर्य, पारध्याची शिकार गुन्हा?

कन्नडच्या जंगलाचं नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. हा औट्रम कोण? १८२५ साली खान्देशात भिल्ल पलटण उभी करणारा कंपनी सरकारचा अधिकारी जेम्स औट्रम. वाघांचा नामांकित शिकारी. १९८६ साली प्राण्यांसाठी राखलेल्या जंगलाला शिकाऱ्याचं नाव आहे, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही!

आता दुसरा शिकारी बघा. फासेपारधी. तित्तिराचा आवाज हुबेहूब काढून त्याला फाशापर्यंत आणणारा. हरणाला माणसाचा वास लागू नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून बसणारा. गायीच्या आडोशाने कळपाजवळ सरकणारा. ही पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विद्या. साहेब आणि राजे-महाराजे हौसेसाठी मारत होते. त्यांनी मारलेल्या जनावरांची मुंडकी महालांच्या भिंतींवर सजली. पारध्याच्या कपाळावर मात्र 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का बसला.

१८७१ साली आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही गावात चोरी झाली की संशयाची पहिली नजर पालावर जाते. हा कायद्याचा नव्हे, जातीचा न्याय आहे. कर्म नव्हे, जन्म बघून दोषी ठरवणारी हीच ती मनुस्मृतीची रीत.

काही जण म्हणतील, तुम्ही शिकारीचं समर्थन करता का? अजिबात नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आम्हाला मान्य आहे. काळवीट मारणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा, मग तो पारधी असो की बंगलेवाला. पण पुरावा कृत्याचा हवा, जातीचा नको. आणि ज्याचं पोट जंगलावर होतं, त्याला बंदीच्या बदल्यात काय दिलं? जमीन? शाळा? नोकरी?

राजर्षी शाहू महाराजांनी फासेपारध्यांना नोकऱ्या देऊन माणसात आणलं. आज अकोला-वाशिमकडे याच समाजातली माणसं तणमोर आणि माळरान राखण्याच्या कामात आहेत. पाखराची हाक ओळखणारा कान आणि माग काढणारी नजर वनविभागाला का नको? वनरक्षक भरतीत या विद्येला किंमत द्या, ही आमची मागणी आहे.

बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्यांसोबत गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचाही प्रश्न मांडला होता. म्हणून तरुणांनो, ३१ ऑगस्टचा विमुक्त दिन केवळ त्यांचा समजू नका. वस्तीत पालं पडली की 'चोर आले' म्हणणारं तोंड आधी आपल्याच घरात बंद करा.

जय भीम!