वाटाड्या नको, पण वाट कोणाची?

अलीकडे आमच्या मंडळींत परदेशप्रवासाची एक नवी तऱ्हा रूढ होऊ लागली आहे. चाळीस जणांच्या घोळक्यात बसून दहा दिवसांत सात देश ‘उरकण्या’चा ज्यांना वीट आला, ते आता युरोपात सायकलवर फिरतात. त्यांची आवडती वाट म्हणजे जर्मनीतील पासाउपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारी, सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची. प्रवासी कंपनी सायकल देते, नकाशा देते, रोजच्या मुक्कामाची खोली राखून ठेवते आणि सामानाच्या बॅगा मोटारीने पुढे धाडते. बाकी सारे आपले आपण. परत आल्यावर ही मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात, ‘‘वाटाड्या नाही, शिट्टी नाही, कोणाची आज्ञा नाही. आमचे आम्ही फिरलो!’’

या फुशारकीशी आमचे भांडण आहे; आणि ते आम्ही दुरून भांडत नाही. आम्ही उभयतां त्याच वाटेने जाऊन आलो, आणि परत आल्यावर पहिले काही दिवस हीच फुशारकी आम्हीही मारली.

बसच्या प्रवासापेक्षा हा प्रवास शतपटीने चांगला, याविषयी वाद नाही. पासाउला काळसर इल्झ, हिरवट इन आणि डॅन्यूब अशा तीन नद्या एकत्र येतात. तेथून निघाल्यावर श्लोगेनपाशी नदी डोंगराला असा वळसा घालते की, आपण आल्या वाटेनेच परत निघालो की काय, असा भास व्हावा. मेल्कचा पिवळा मठ दृष्टीस पडला की तो मोठा होत होत जवळ येताना पाहावा, यासाठी सायकलचाच वेग हवा. हे सुख ज्याने घेतले त्याने ते जरूर वाखाणावे. प्रश्न ‘आमचे आम्ही’ या दोन शब्दांचा आहे.

ही वाट इतकी सपाट का, असे यांपैकी कितीजण विचारतात? एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे येण्यापूर्वी मीठ, धान्य, द्राक्षमद्य यांनी भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढून न्याव्या लागत. त्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाकाठाने वाट राखलेली असे. तिला तिकडे ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. आजची सायकलवाट पुष्कळ ठिकाणी त्याच वाटेवरून जाते. ज्या मार्गावर घोडे आणि माणसे पाण्याशी झुंजत पश्चिमेकडे गेली, त्याच मार्गाने आपण प्रवाहाबरोबर पूर्वेकडे घरंगळत येतो. त्यावर प्रत्येक वळणाला पाटी लावणारा कोणी आहे. पुराचा गाळ उपसून वाट पुन्हा मोकळी करणारा कोणी आहे. हात वर करताच पलीकडच्या काठावरून नाव आणणारा कोणी आहे. मेल्क आणि क्रेम्स यांच्यामधली वाखाऊची खोरी, तिची द्राक्षांची पायऱ्यापायऱ्यांची शेती, तिचे जर्दाळू, यांवर आपण लुब्ध होतो. तेथे नदी अजून वाहती आहे, याचे कारण धरणाचा बेत तिथल्या लोकांनी हाणून पाडला. वाटाड्या दिसला नाही म्हणून तो नव्हताच, असे म्हणणे कृतघ्नपणाचे आहे.

परंतु कृतघ्नपणाहूनही मोठा दोष आम्हांला याच वाटेवर कळला.

लिंत्स सोडल्यावर दोनेक तासांत माउटहाउझेन हे गाव लागते. नदीकाठी रंगीत घरे, फुलांच्या कुंड्या, कॉफीची टेबले. गावामागच्या टेकडीवर 1938 साली नाझींनी बंदिछावणी उभारली. ज्या खाणीचा ग्रॅनाइट व्हिएन्नाच्या रस्त्यांवर पूर्वीपासून अंथरला जात होता, त्या खाणीत कैद्यांनी दगड फोडले आणि पाठीवर घेऊन ते 186 पायऱ्या चढले. 5 मे 1945 रोजी अमेरिकन सैन्य पोहोचेपर्यंत या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे 1,90,000 माणसे डांबली गेली. त्यांतील निदान 90,000 मेली. 1949 पासून तेथे सार्वजनिक स्मारक आहे.

आमच्याजवळच्या पुस्तिकेत त्या स्थळाचा उल्लेख एका ओळीत होता: वाट सोडून, चढावर. ग्राइनची खोली राखलेली होती. बॅगा पुढे गेल्या होत्या. वारा पाठीशी होता. आम्ही कॉफी घेतली आणि पुढे निघालो. कोणी अडवले नाही, कोणी हाक मारली नाही. ‘आमचे आम्ही’ होतो ना!

रात्री ग्राइनला झोप लागेना. सकाळी सायकली तेथेच ठेवून आम्ही रेल्वेने मागे गेलो आणि ती टेकडी पायी चढलो. तिथे एक गोष्ट कळली, ती येथे सांगितलीच पाहिजे. 1941 साली शेजारच्या एका शेतकरी बाईने पोलिसांकडे लेखी तक्रार केली होती. गोळ्या घातलेले कैदी तासन्‌तास अर्धमेले पडून असतात, हे पाहवत नाही. तेव्हा असले प्रकार बंद करावेत, नाहीतर निदान कोणाला दिसणार नाहीत अशा जागी करावेत, असा तिचा आशय होता. तिला दोष देणे सोपे आहे. निदान तिने पाहिले होते आणि सही करून लिहिले होते. आम्ही मात्र, कोणतीही भीती नसताना, ‘दिसणार नाही अशा जागी’ स्वतःच्या पायांनी सायकल हाकीत गेलो होतो.

यावर कोणी म्हणेल, ‘‘अहो, चार दिवसांची सुट्टी, तीत माणसाने आनंद करू नये काय? जगाचे दुःख उपसायला का कोणी पैसे मोजतो?’’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण आनंदाला आमची ना नाही. त्याच वाटेवर पुढे त्स्वेन्टेन्डोर्फ येथे एक अणुवीज-केंद्र उभे आहे; पुरे बांधून झालेले, पण कधीच न चाललेले. नोव्हेंबर 1978 मध्ये ऑस्ट्रियाच्या जनतेने निसटत्या बहुमताने त्याला नकार दिला. व्हिएन्नापलीकडे हाइनबुर्गच्या पाणथळ अरण्यात डिसेंबर 1984 च्या थंडीत हजारो लोक धरणाविरुद्ध तळ ठोकून बसले. 1996 साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. यांत दुःख कोठे आहे? तरीही तिथे थांबणारे सायकलस्वार आम्हांला विरळाच दिसले. तेव्हा कारण दुःखाची भीती हे नव्हे. संध्याकाळची खोली, पुढे गेलेली बॅग आणि घड्याळ, हेच आमचे वाटाडे होते. शिट्टी वाजवीत नव्हते, एवढाच फरक.

आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांना नदीकाठचा प्रवास नवा नाही. नर्मदेचा परिकम्मावासी ओंकारेश्वरहून निघतो, नदी उजव्या हाताला ठेवतो, पात्र ओलांडीत नाही. त्यालाही वाटाड्या नसतो. पण गावोगावच्या सदावर्ताचे अन्न खाताना, बुडालेल्या जुन्या वाटेऐवजी नवी वाट विचारताना, आपण दुसऱ्यांच्या आधाराने चाललो आहोत हे तो क्षणभरही विसरत नाही. ‘माझा मी आलो’ असे परत आलेला परिकम्मावासी म्हणाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

वाटाड्या असला म्हणजे कोठे थांबायचे याची जबाबदारी त्याची. तो नसला म्हणजे ती आपली. हे ओझे पेलायचे नसेल, तर बसमध्ये बसणे अधिक प्रामाणिकपणाचे. म्हणून पुढील उन्हाळ्यात डॅन्यूबकाठी जाणाऱ्यांस आमचे एकच सांगणे आहे: कंपनीने ग्राइनची खोली राखली असली, तरी आग्रह धरून तो मुक्काम माउटहाउझेनला करून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल खाली ठेवून टेकडी चढा. चढ फार मोठा नाही.