'तुला किती आलं?'

बारावीचा फिजिक्सचा पेपर सुटला की परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर घोळके जमतात. हातात पॅड, पारदर्शक पाऊच, चार घड्या घातलेली प्रश्नपत्रिका आणि कडा झिजलेले लॉग टेबल. पाणी प्यायच्या आधी पहिला प्रश्न येतो, 'ए, त्या बबलच्या न्यूमरिकलला किती आलं?'

गणित नेहमीचेच असते. समजा, साबणाचा फुगा २ सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत फुगवायचा आहे, पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर आहे, तर कार्य किती करावे लागेल? एकाचे उत्तर १.५१ × १०⁻⁴ जूल. शेजारच्या मुलीचे ३.०२, म्हणजे बरोबर दुप्पट.

'दुप्पट कसं? फोर पाय आर स्क्वेअर, इंटू टी. झालं.'

'अरे, तो थेंब नाहीये, बबल आहे. आतही हवा, बाहेरही हवा.'

'मग?'

'मग पडद्याला दोन बाजू ना! दोन्हीकडचा एरिया वाढतो.'

मुलगा दोन क्षण प्रश्नपत्रिकेकडे बघत राहतो आणि कपाळावर हात मारतो. त्याचे दोन-तीन गुण गेले, हे खरेच आहे. पण थेंबाला एक पृष्ठभाग आणि फुग्याला दोन, हे त्याला आता जन्मभर विसरता येणार नाही. वर्गात सरांनी हे सांगितलेले असते, क्लासच्या नोट्समध्ये चौकटीत छापलेले असते, तरी ते डोक्यात उतरले ते या फाटकाबाहेर. कारण तीन तास त्या गणिताशी झुंजल्यावर त्याचे उत्तर आता त्याला मनापासून हवे आहे. शिकण्यासाठी यापेक्षा चांगली वेळ वर्षभरात क्वचितच येते.

आणि नेमक्या याच वेळी मोठी माणसे मध्ये पडतात. 'झालं ते झालं. पोस्टमॉर्टेम नको. घरी चला, आता केमिस्ट्रीचं बघा.' सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. परीक्षांविषयी लिहिणाऱ्या या स्तंभाने हे स्पष्ट सांगायला हवे.

बारावीच्या फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा. १० बहुपर्यायी प्रश्न, ८ एका गुणाचे, मग दोन, तीन आणि चार गुणांचे प्रश्न. कॅल्क्युलेटर चालत नाही. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावे लागते, नुसते अक्षर लिहिले तर गुण नाही. शिवाय पहिलाच प्रयत्न तपासला जातो. पेपर फेब्रुवारीत, निकाल मेमध्ये. निकाल म्हणून हाती येतो तो एक आकडा. कुठल्या प्रश्नात काय चुकले हे पाहायचे तर छायाप्रतीसाठी अर्ज करा, शुल्क भरा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला, पण त्या वाटेने जाणारे बहुतेक जण गुण वाढतील या आशेने जातात. 'माझे कुठे चुकले?' या प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळण्याची जागा, तूर्त तरी, ते फाटकच.

एकमेकांशी बोलून भौतिकशास्त्र जास्त समजते, याला भक्कम आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर पदार्थविज्ञान शिकवत. मुले त्यांच्यावर खूश होती, अवघड गणिते सोडवतही होती. १९९०च्या सुमारास त्यांनी याच मुलांना बलाच्या संकल्पनेवरची एक साधी चाचणी दिली. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणाचे बल जास्त, अशा धर्तीचे प्रश्न. दोन्ही बले सारखीच, हे न्यूटनचा तिसरा नियम सांगतो आणि मुलांना तो पाठ होता. तरी कित्येक जण चुकले. माझुर यांनी फळ्यावर पुन्हा समजावले, वेगळ्या शब्दांत समजावले, वर्गातला गोंधळ हटेना. शेवटी ते म्हणाले, आपापसांत बोला. वर्गात गलका झाला आणि काही मिनिटांत मुलांनी एकमेकांना समजावून टाकले. कारण उघड आहे. ज्याला ती गोष्ट कालच कळली, त्याला ती न कळणे कसे असते हे अजून आठवते. वीस वर्षे शिकवणाऱ्याला ते आठवत नाही. यातून उभी राहिलेली अध्यापनपद्धत आज जगभरच्या विद्यापीठांत वापरली जाते.

चर्चेत हुशार मुलाचे उत्तर बाकीचे नुसते उचलतात, असा आक्षेप यावर घेतला जातो. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी तो तपासून पाहिला आणि २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वायमन त्या चमूत होते. वर्ग जनुकशास्त्राचा होता, पण प्रश्न हाच होता. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हते, त्या गटांतली मुलेसुद्धा चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न अधिक चांगला सोडवू लागली.

फाटकाबाहेर मात्र बहुतेकदा हे अर्ध्यावर थांबते. 'किती आलं?' असे विचारले जाते, 'कसं काढलंस?' असे नाही. चौघांचे उत्तर एक आले की पाचवा स्वतःचे चूक धरून मोकळा होतो. समजा प्रश्न आहे, २७ अंश सेल्सिअसला असलेल्या वायूच्या रेणूंची आरएमएस चाल कोणत्या तापमानाला दुप्पट होईल? चौघे म्हणतात १०८. चाल दुप्पट म्हणजे तापमान चौपट, सत्तावीस चोक एकशे आठ. पाचवी म्हणते ९२७. तिने २७ चे आधी ३०० केल्व्हिन केले, चौपट करून १२०० केले, त्यातून २७३ वजा केले. बरोबर ती एकटी आहे. पण वर्गात ती मागच्या बाकावर बसणारी असेल, तर चौघांपुढे तिचा आवाज निघत नाही आणि ती घरी जाऊन रडते. बहुमताने भौतिकशास्त्र ठरत नाही, हे सांगणारा एक शिक्षक तिथे हवा होता. प्रत्यक्षात शिक्षक असतात पर्यवेक्षणाला दुसऱ्या केंद्रावर, आणि भेटलेच तर 'पुढच्या पेपरचं बघा' म्हणतात.

काही मुलांना ही चर्चा खरेच सोसत नाही, हेही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवे. एका चुकीने त्यांचे पुढचे दोन पेपर हातचे जातात. असे मूल घोळक्यातून निघून गेले, तर त्याच्या मागे 'सांग ना, तुला किती आलं' म्हणत कोणी लागू नये, आईवडिलांनी तर मुळीच नाही. गुणांची बेरीज वडील रिक्षातच करायला घेतात, ती थांबवावी. चर्चा ज्याला हवी त्याची.

गुण बाजूला ठेवले तरी या चर्चेचे मोल मोठे आहे, आणि कधी कधी तर तिच्यावर लाखोंचे भवितव्य अवलंबून असते. २०२४ च्या 'नीट'मध्ये फिजिक्सचा अणूविषयी एक प्रश्न होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, हे विधान बरोबर की चूक? एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसेच छापले होते, नव्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यांचे' अशी दुरुस्ती झाली होती. किरणोत्सारी मूलद्रव्ये असताना 'प्रत्येक' म्हणणे शास्त्राला धरून नाही. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आयआयटी दिल्लीला तीन तज्ज्ञांकडून उत्तर ठरवून घ्यायला सांगितले आणि तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर असल्याचे कळवले. चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले. आधीच्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते, त्यांतल्या ४४ जणांचे पूर्ण गुण या एका प्रश्नावर उभे होते. इतर फेरबदलही धरून अंतिम निकालात १७ उरले. न्यायालयात जे मांडले गेले ते मुळात 'तू काय लिहिलंस, मी काय लिहिलं' असेच होते, फक्त हातात जुने आणि नवे पुस्तक घेऊन.

याची रीतसर व्यवस्था करता येते. आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडमध्ये, जे २०१५ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुंबईत भरवले होते, प्रत्येक देशाच्या चमूप्रमुखांना आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती मिळतात. ते त्या स्वतः तपासतात आणि मग परीक्षकांसमोर बसून पायरीपायरीवर वाद घालतात, इथे मुलाने तर्क बरोबर केला आहे, याचे गुण द्या. याला तिथे कोणी कटकट म्हणत नाही. तो परीक्षेचाच भाग आहे.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत हे पूर्वपरीक्षेपासून सुरू करता येईल. प्रिलिमचा पेपर झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या तासाला, गुण सांगायच्या आधी, चार-चार मुलांचे गट करून प्रश्नपत्रिका त्यांच्यासमोर ठेवावी. नियम एकच: आकडा सांगायचा नाही, रीत सांगायची. शिक्षकाने गटांतून हिंडत फक्त ऐकावे. पृष्ठताण कच्चा राहिला आहे की केल्व्हिन, हे त्याला अर्ध्या तासात समजेल. अडीचशे उत्तरपत्रिका तपासूनही ते इतके स्वच्छ दिसत नाही.

आणि राज्य मंडळाने निकालाच्या दिवशीच प्रत्येक विषयाची गुणदान योजना संकेतस्थळावर खुली करावी. सूत्राला किती, किंमती घालण्याला किती, एकक लिहायचे राहिले तर किती जातात, हे समजण्यासाठी सतरा वर्षांच्या मुलाला छायाप्रतीचा अर्ज करावा लागू नये.