चूक झाली, पण कोणती?

वर्गात उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यास गुरुजी कारण विचारतात. "उशीर झाला" एवढेच तो म्हणाला, तर ते खोटे नसते. पण ते उत्तरही नसते. उशीर झाला हे गुरुजींना दिसतच असते. बस चुकली, की वाटेत पाऊस लागला, की घरी कोणी आजारी आहे, हे कळले तरच पुढे काय करावे ते ठरविता येते.

संगणकाच्या वर्गात सी भाषेत प्रोग्राम लिहिणारे आमचे कित्येक विद्यार्थिमित्र असेच पोकळ उत्तर आपल्या प्रोग्रामच्या तोंडी घालतात. फाइल उघडली नाही की पडद्यावर 'एरर' हा एकच शब्द उमटतो आणि प्रोग्राम थांबतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, प्रोग्राम बिघडणे हा अपराध नव्हे; पण कारण ठाऊक असता ते न सांगणे, अथवा ठाऊक नसता काहीतरी ठोकून देणे, हा मात्र वापरणाऱ्याचा विश्वासघात होय.

कारण ठाऊक असते, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. प्रोग्रामला स्वतः डिस्कला हात लावता येत नाही. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे ही कामे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, करीत असतो. प्रोग्राम त्याच्याकडे विनंती करतो. तिलाच सिस्टिम कॉल म्हणतात. डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्याच भाषेत नव्याने लिहिला गेला. त्या घराण्याच्या सिस्टिमांत आजही पद्धत अशी की, विनंती फसली तर बहुतेक कॉल उणे १ हे मूल्य परत करतात आणि फसण्याचे कारण 'एररनो' नावाच्या जागी एका क्रमांकाच्या रूपाने ठेवतात. लिनक्सवर २ म्हणजे त्या नावाची फाइल किंवा फोल्डर नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २८ म्हणजे डिस्कवर जागा उरली नाही. हा क्रमांक शब्दांत सांगण्यासाठी 'स्ट्रएरर' हे फंक्शन आहे, आणि तो सरळ छापून मोकळे होण्यासाठी 'पेरर' आहे. तेव्हा कारण हाताशी असते. ते वाचण्याचा आळस तेवढा आपला असतो.

मौनाहूनही घातक असतो तो अंदाज. 'ओपन' फसले की "फाइल सापडली नाही" असा संदेश छापणारे प्रोग्राम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. फाइल असेल जागच्या जागी, नसेल ती केवळ वाचण्याची परवानगी. पण वापरणारा बिचारा त्या वाक्यावर विश्वास ठेवून फाइल शोधीत बसतो. अखेर कंटाळून जुन्या प्रतीवरून नवी तयार करतो, आणि मग एकाच हजेरीच्या दोन फाइली होऊन खरी कोणती हा नवाच घोळ उभा राहतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण माणसांसाठी आहे. आपला प्रोग्राम तरी भलत्याच अंगणाला दोष न देवो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. एररनो ही वर्गातील पाटीसारखी वस्तू आहे. शेवटची तक्रार तिच्यावर लिहिली जाते. पण काम यशस्वी झाले म्हणून ती कोणी पुसून ठेवीत नाही. म्हणून ओपन उणे १ देते की नाही हे आधी पाहावे आणि दिले असेल तरच पाटी वाचावी. शिवाय ती तत्क्षणी वाचावी. मध्ये एखादे 'प्रिंटएफ' घातले, तर त्याच्या पोटातील कामात पाटीवरचा मजकूर बदलू शकतो. जुन्या युनिक्सवर याचे गमतीचे उदाहरण घडत असे. बिघाड एक, आणि संदेश मात्र "हे टंकलेखनयंत्र नव्हे" अशा अर्थाचा! आउटपुट टर्मिनलकडे चालले आहे की फाइलकडे, याची लायब्ररीने आतल्या आत चौकशी केलेली असे; त्या चौकशीचा नकार पाटीवर तसाच राही आणि प्रोग्राम तोच निष्कारण वाचून दाखवी. म्हणून कॉल फसताच एररनोचे मूल्य आपल्या एका व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावे, हा नियम आम्ही सर्वांस आग्रहाने सांगतो.

आता चांगला संदेश कोणता? आमच्या मते त्यात चार गोष्टी असाव्यात: बोलतो आहे तो प्रोग्राम कोणता, तो काय करू पाहत होता, कोणत्या फाइलवर, आणि सिस्टिमने दिलेले कारण काय. उदाहरणार्थ, "हजेरी: 'दहावी-अ/हजेरीपट' ही फाइल लिहिण्यासाठी उघडता आली नाही: परवानगी नाही (१३)". फाइलचे नाव अवतरणचिन्हांत छापावे, ही केवळ शोभा नव्हे. कीबोर्डवरून 'एफगेट्स'ने नाव घेतले की त्याच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्हही येते. ते काढावयाचे राहिले तर डोळ्यांसमोर असलेली फाइलही "नाही" असे उत्तर मिळते. अवतरण बंद होण्याचे चिन्ह खालच्या ओळीवर पडलेले दिसले, की रोग तात्काळ उमगतो. संदेश नेहमीच्या आउटपुटमध्ये न मिसळता 'एसटीडीएरर'कडे पाठवावा, आणि प्रोग्राम संपताना शून्याखेरीज अन्य मूल्य द्यावे; म्हणजे त्याला चालविणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामासही काम फसल्याचे कळेल.

मराठी शाळेतील मुलांनी आपल्या वाट्याचा मजकूर मराठीतच लिहावा, असेही आम्हांस वाटते. युटीएफ-८ मध्ये साठविलेल्या सी प्रोग्रामात देवनागरी वाक्य खुशाल लिहिता येते. शाळेच्या कचेरीतील कारकून किंवा घरचे वडीलधारे तो प्रोग्राम वापरणार असतील, तर त्यांना पहिली ओळ कळलीच पाहिजे. सिस्टिमचे कारण मात्र, ते इंग्रजीत आले तरी, मूळ क्रमांकासह तसेच ठेवावे. कारण जाणकाराला त्याचाच उपयोग होतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, प्रत्येक कॉलनंतर तपासणी केल्यास प्रोग्राम लांबतो आणि त्याचा डौल जातो. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण संदेश छापून थांबणारे एक छोटे फंक्शन एकदाच लिहावे आणि सर्वत्र वापरावे. मग प्रत्येक ठिकाणी दोनतीन ओळींहून अधिक लागत नाही. दुसरा आक्षेप असा की, सामान्य माणसास कारण सांगून काय उपयोग? आमचा अनुभव याच्या उलट आहे. "जागा उरली नाही" हे ज्याला कळते, तो चार निरुपयोगी फाइली पुसून पुन्हा प्रयत्न करतो; "परवानगी नाही" हे ज्याला कळते, तो योग्य माणसाकडे जातो. 'एरर' एवढेच वाचणारा मात्र हात जोडून बसतो, आणि आपल्यालाच काही येत नाही असे समजून खंतावतो. हा कमीपणा त्याच्या माथी मारण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

सर्वांत मोठा धोका तर न बोलणाऱ्या बिघाडाचा. 'एफप्रिंटएफ'ने लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो काही काळ बफरमध्ये थांबतो आणि कित्येकदा 'एफक्लोज'च्या वेळीच लिहिला जातो. डिस्क भरली असेल, तर तेथेच नकार मिळतो. एफक्लोजचे उत्तर न पाहणारा प्रोग्राम त्या क्षणीही "गुण जतन झाले" असे आनंदाने छापतो, आणि वर्गातील शेवटच्या दहा मुलांचे गुण कोठेच नसतात. ही मुले हजेरीपटातील निर्जीव क्रमांक नव्हेत. त्यांच्या वर्षभराच्या कष्टांचा हिशेब आपण त्या चार ओळींच्या हवाली केलेला असतो.

विद्यार्थिमित्रहो, यशाच्या वेळी गोड बोलणे कोणासही जमते. अपयशाच्या वेळी जो काय घडले ते नेमके, अदबीने आणि खरे सांगतो, त्याच्यावरच लोक भरवसा ठेवतात. आपण लिहितो त्या प्रोग्रामलाही ही सचोटी आपल्यालाच शिकवावी लागते. पुढच्या वेळी ओपन लिहाल, तेव्हा त्याखालची पुढची ओळ ते फसल्यास काय सांगावयाचे याचीच असू द्या.