सगळं मिटलं म्हणे!

या आठवड्यात मला राग आलाय तो एका चांगल्या सवयीचा. घेतलेलं सगळं वेळच्या वेळी परत करण्याच्या.

माझा भाचा सरपासचा ट्रेक करून आला. कुलू जिल्ह्यात कसोलला पार्वती नदीकाठी बेस कॅम्प, तिथून ग्रहण गावावरून चढत चढत साधारण १३,८०० फुटांवरची खिंड, आणि पलीकडे बर्फावरून बसल्या बसल्या घसरत खाली. यूथ हॉस्टेलचे हे मे महिन्यातले ट्रेक मराठी घरांना नवे नाहीत. त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलेला एक तरी माणूस पुण्या-ठाण्याच्या दर सोसायटीत निघतो. तर भाच्याने बर्फाचं सांगितलं, रात्रीच्या बोर्नव्हिटाचं सांगितलं, तंबूत घोरणाऱ्या काकांचं सांगितलं. मी विचारलं, “आणि निघताना? रडलात की नाही?” त्याने मोबाइल पुढे केला. ग्रुपवरचा शेवटचा मेसेज होता, ‘ऑल सेटल्ड’. खाली अंगठे.

झालं होतं असं, की भुंतरच्या बसस्टँडवर या मुलांनी खर्च वाटून देणाऱ्या एका ॲपवर सगळं घातलं. मॅगी, मणिकरणची टॅक्सी, कुणासाठी तरी आणलेला गुडघ्याचा पट्टा. यूपीआयने पैसे इकडचे तिकडे झाले आणि बस यायच्या आत कुणाचा कुणाकडे रुपया उरला नाही. मग मिठ्या मारल्या. फोटो तर आदल्या रात्रीच सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊन पडले होते. तेव्हापासून ग्रुपवर चिडीचूप. “मावशी, एवढं क्लीन कुठल्याच ट्रिपला झालं नव्हतं,” असं तो कौतुकाने म्हणाला. मी चहा ठेवायला उठले. राग आला की मी चहा ठेवते.

अहो, निरोप असा एका बसस्टँडवर उरकतात होय? आमच्या वेळी, मी असाच ट्रेक केला तेव्हा, तो हप्त्याहप्त्याने घेतला जायचा. त्याची तालीम कॅम्पवर रोज सकाळीच व्हायची. जी तुकडी वर निघायची तिच्यासाठी मागे राहणारे दोन रांगा करून उभे राहायचे आणि टाळ्या वाजवायचे. ज्यांची नावंही माहीत नाहीत अशांच्या टाळ्या खात, फुगलेल्या छातीने आणि भिजलेल्या मोज्यांनी आपण चालू लागायचं. मग खरा निरोप कसोलला. पुन्हा एक भुंतरला. दिल्लीला कश्मीरी गेटवर अहमदाबादवाले आणि कोलकातावाले वेगळे व्हायचे, तेव्हा परत सगळं पहिल्यापासून. उरलेले आम्ही निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसमध्ये. भुसावळला एक जण उतरला तेव्हा अख्खा डबा रडला. मनमाडला दोघं उतरले, तेव्हा जरा कमी. दौंडला उतरणाऱ्यांच्या वाट्याला अश्रू आलेच नाहीत. आम्ही बाकाखालच्या सॅका ओढण्यात गुंतलो होतो.

यूथ हॉस्टेलची कल्पना १९०९ साली रिचर्ड शिरमन नावाच्या एका जर्मन मास्तरांना सुचली. विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते, वादळी पावसात सापडले, आणि मुलांना रात्री अंग टाकायला जागा हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. मुलांनी झोपावं कुठे, हे त्या भल्या माणसाने शोधून काढलं. सकाळी उठून एकमेकांपासून निघावं कसं, हे मात्र ज्याचं त्याच्यावर सोडलं.

आमची निघायची रीत म्हणजे पत्ते. कॅमेरा एखाद्याकडेच, त्यात छत्तीस फोटोंचा रोल, आणि प्रत्येकाला खिंडीवरचा ‘तो’ फोटो हवा. त्यामुळे कॅमेरावाल्याच्या डायरीत सगळ्यांनी पिनकोडसकट पत्ते लिहायचे आणि त्याने प्रती काढून पोस्टाने पाठवायच्या. आता रोल काही हिमालयात संपायचा नाही. चार-पाच फोटो उरायचेच, आणि ते वाया घालवणं कुठल्या मराठी माणसाला जमलंय? ते गणपतीत संपायचे. मग कधीतरी नवरात्राच्या सुमारास पाकीट यायचं. त्यात आपण बर्फात, आणि चुकून सोबत आलेली कुणाच्या तरी घरची गौरींची आरास. ती परत पाठवायची, म्हणजे पत्र लिहायचं. पत्रात प्रतींचे पैसे किती झाले विचारायचे. त्याने ‘अहो, राहू द्या’ म्हणायचं. आपण राहू द्यायचे नाहीत. या ‘राहू द्या’मध्ये दोन वर्षं सहज निघायची.

ते असो. मला सांगायचं होतं ते एका डब्याचं.

त्या ट्रेकमध्ये मिरजेच्या एक वहिनी होत्या. वहिनी आपल्या मी म्हणते. नात्यागोत्याच्या कुणी नव्हेत. तंबू वेगळा, चालही वेगळी. त्या पुढे, मी शेवटून दुसरी. आमचं धड बोलणंही झालेलं नव्हतं. पण राजमा-भाताला वैतागून मी एकदा तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलं आणि सॅकच्या तळातून शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. डब्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव आणि कुठल्याशा मुंजीची तारीख घातलेली. पुण्याला सॅक रिकामी केली तर डबा माझ्याकडेच.

आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मला काही हिमालयात शिकवलं नव्हतं. ते आईने शिकवलं होतं. त्यात भाजणीच्या चकल्या भरल्या आणि मिरजेला निघालेल्या एका चुलतदिराच्या गळ्यात मारल्या. पण ते तर वहिनींच्या आईनेही त्यांना शिकवलेलं! डबा परत आला तो ओल्या हळदीचं लोणचं घेऊन. मी चिवडा पाठवला. त्यांच्याकडून नृसिंहवाडीची कवठाची बर्फी आली. तेव्हापासून मिरज लाइनवर प्रवास करणाऱ्या आमच्या नातेवाइकाला आम्ही आधी डब्याचा हमाल समजतो आणि मग नातेवाईक. त्या डब्यातून त्यांच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका आली, माझ्या गुडघ्यासाठी कसलं तरी तेल आलं, आणि सासूबाई गेल्या त्या वर्षी मात्र बराच काळ काहीच आलं नाही. मग मीच नवा डबा भरून पाठवला. आता दोन डबे फिरतात. आमच्या घरच्या हिशेबतपासनिसांनी (म्हणजे आमच्या ह्यांनी) एकदा कुरिअरच्या पावत्या मांडून दाखवल्या. एवढ्या पैशात पाटलिणीला शोभेल असा डब्यांचा संच आला असता म्हणे. आला असता. पण त्यात ओली हळद कुणी घालून दिली असती?

आणि ज्या मैत्रिणीशी माझी खरी गट्टी जमली होती, ती नागपूरची. एका तंबूत झोपलो, एका मगातून चहा प्यायलो, खिंडीवर एकमेकींना मिठी मारून हुंदके दिले. निघताना तर विचारू नका. दर वर्षी भेटायच्या शपथा झाल्या. तिचे हातमोजे मी आठवणीने परत केले, माझी बॅटरी तिने आठवणीने परत केली. अगदी क्लीन! आज ती कुठे असते, काय करते, मला काही ठाऊक नाही.

म्हणून माझं मत असं झालंय, की निरोप किती भिजला याला फारसा अर्थ नसतो. प्रवासातली माणसं टिकतात ती काहीतरी अंगावर राहिलं म्हणून. पैशाचं मी म्हणत नाही. पैसे द्यावेत, लगेच द्यावेत, वाटल्यास यूपीआयने द्यावेत. पैशाचं येणं राहिलं की माणूस फोन उचलेनासा होतो. पण डबा, पुस्तक, माकडटोपी, फोटोच्या प्रती, एखाद्या भाजीची कृती यांतलं एखादं तरी येणं-देणं राहिलं पाहिजे, म्हणजे कुणाला तरी पुन्हा दार वाजवावं लागतं. ते ॲप बिचारं रुपये मोजतं. त्यात चटणीचा रकाना नाही.

आता पाऊस लागला. तुमच्यापैकी बरेच जण राजमाचीला, हरिश्चंद्रगडाला अनोळखी ग्रुपबरोबर निघतील. रेनकोट, टॉर्च, सुके कपडे यांची यादी आयोजक देतीलच. त्यात माझी एक भर घाला. नाव घातलेला एक स्टीलचा डबा भरून न्या, आणि परत निघताना तो मागू नका.